क्रियापदाचे काळ कसे शिकवावेत: विदर्भातल्या खेड्यात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून नेमणूक झाली, बाडबिस्तरा घेऊन तुम्ही यवतमाळ, वाशीम नाहीतर भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झालात, आणि थोड्याच दिवसांत 'काळ बदला' हा स्वाध्याय समोर आला. तीन काळांची नावं पोरांना घडाघडा येतात. पण 'रमेश आंबा खातो' याचा भूतकाळ करा म्हटलं की निम्मा वर्ग लिहितो, 'रमेश आंबा खाल्ला'. हीच पोरं मधल्या सुट्टीत भांडणं घेऊन येतात तेव्हा मात्र 'सर, यानं माहा आंबा खाल्ला' असं बिनचूक सांगतात.

म्हणजे काळ त्यांना येतातच, तोंडात आहेत. फक्त वहीत उतरत नाहीत. आपलं काम ते नव्याने शिकवण्याचं नाही, तोंडातले वहीत आणण्याचं आहे. मी याच भागातला, शिकलो इथेच आणि शिकवतोही इथेच. कोल्हापूर-सांगलीकडून आलेले नवे सहकारी जिथे हमखास अडतात, त्या जागा डोळ्यांसमोर ठेवून पुढचा क्रम लावला आहे.

हाताशी काय हवं

- भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढी सुतळी, आणि कपडे वाळत घालायचे चिमटे
- जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून केलेल्या पट्ट्या
- तीन रंगांचे खडू
- मोठ्या आकड्यांचं भिंतीवरचं कॅलेंडर
- तुमच्या इयत्तेच्या भाषेच्या अध्ययन निष्पत्ती. तुमच्या इयत्तेला काळाचं नेमकं किती अपेक्षित आहे ते आधी बघून घ्या, नाहीतर तिसरीला पाचवीचं शिकवत बसाल
- टाचण वहीची (शिक्षकाची पाठाची टिपणं लिहायची वही) मागची दहा-बारा कोरी पानं. हे सगळ्यात महत्त्वाचं साहित्य, कारण ते तयार मिळत नाही

प्रोजेक्टर, टॅब असेल तर उत्तम. नसला तरी काही अडत नाही.

1. पहिला आठवडा फक्त ऐका

परिपाठाआधी, खिचडीच्या रांगेत, घंटा झाल्यावर पोरं जे बोलतात त्यातली क्रियापदं टाचण वहीच्या मागे जशीच्या तशी उतरवा. शुद्ध करून नाही. वऱ्हाडात असाल तर साधारण अशी यादी तयार होईल:

- चित्र काढून राहिलो (पुस्तकात: चित्र काढत आहे)
- आज पाऊस येईन (पुस्तकात: पाऊस येईल)
- बाबा अमरावतीले गेल्ते (पुस्तकात: बाबा अमरावतीला गेले होते)
- म्या भाकर खाल्ली (पुस्तकात: मी भाकरी खाल्ली)
- बुढा रोज वावरात जाये (पुस्तकात: आजोबा रोज शेतात जात असत)

ही यादी फक्त नमुन्यादाखल. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या झाडीपट्टीत वेगळी रूपं कानावर पडतील. म्हणून माझी यादी उतरवून घेऊ नका, स्वतःची करा.

या आठवड्यात एक वाक्य कटाक्षाने टाळा: 'असं नाही म्हणायचं.' ते दोन-तीनदा ऐकलेलं पोरगं तुमच्यासमोर बोलणंच सोडतं. मग तुमच्या यादीतही काही येत नाही आणि त्याच्या वहीतही नाही.

2. दिवस सुतळीवर टांगा

काळाचं नाव सांगण्याआधी वेळ कळायला हवी. सुतळी बांधा. मधोमध 'आज', डावीकडे 'काल', उजवीकडे 'उद्या' अशा पट्ट्या चिमट्यांनी लावा. रोज सकाळी एका मुलाने कालची एक गोष्ट सांगायची, दुसऱ्याने आज चाललेली, तिसऱ्याने उद्याची. त्या गोष्टी पट्ट्यांवर लिहून टांगायच्या. दुसऱ्या दिवशी 'आज'ची पट्टी 'काल'कडे सरकवायची. सरकवताना क्रियापद बदलावं लागतं, हे पोरांच्या आपोआप लक्षात येतं. तुम्ही काही बोलू नका, पट्टी पुन्हा लिहायला लावा.

याला आपल्याकडे सगळ्यात चांगला मुहूर्त पोळ्याचा. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यात उघडतात, इथे उन्हामुळे त्याहून उशिरा. म्हणजे श्रावणी अमावस्येपर्यंत वर्ग जेमतेम स्थिरावलेला असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.' मग पोळा, आणि दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा. तीन दिवस, तीन पट्ट्या. सणाच्या आधीच्या दिवशी शाळा असेल तेव्हा 'आम्ही बैल धुऊ, शिंगे रंगवू, तोरणाखाली नेऊ' असं सगळं भविष्य लिहून घ्या. सुट्टी संपवून पोरं आली की तीच पट्टी काढून भूतकाळात लिहायला सांगा. 'बैल धुऊ'चं 'बैल धुतला' होतं, पण 'शिंगे रंगवू'चं 'शिंगे रंगवली'. हे का, असा प्रश्न एखादं चौकस पोरगं विचारेलच. उत्तर पायरी 6 मध्ये आहे. तोवर 'मग सांगतो' म्हणा.

इथे तीन फसव्या जागा आहेत.

'परवा' हा शब्द दोन्हीकडे चालतो, कालच्या मागे आणि उद्याच्या पुढेही. त्याची पट्टी करू नका. शिवाय आपल्या भागात हिंदी कानावर सतत असतं आणि हिंदीतला 'कल' तर काल आणि उद्या दोन्ही. बाजाराच्या गावातल्या, किंवा मध्य प्रदेशाच्या सीमेजवळच्या पोरांचा इथे खराच गोंधळ होतो.

'आता' म्हणजे वर्तमानकाळ, असं कुठल्या तरी गाइडात असतं. ते पुसून टाका. आता आला, आता येतो, आता येईल, तिन्ही बरोबर आहेत.

तिसरी जागा गमतीची आहे. आईने जेवायला हाक मारली की पोरगं खेळ न सोडता ओरडतं, 'आलो!' आलेलं नसतं. आणि निघताना आपण सगळेच म्हणतो, 'येतो'. चौथी-पाचवीच्या वर्गात हा विषय मुद्दाम काढा, पोरं हसतात आणि रूप वेगळं, वेळ वेगळी हे त्यांना पटतं. तिसरीत काढू नका, घोळ होईल.

3. क्रियापद सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका

पुष्कळांचं घोडं इथेच अडतं. मुलाला वाक्यातलं क्रियापद ओळखता येत नसेल तर त्याचा काळ कुठून ओळखणार? मराठीत ते बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी असतं, तेव्हा पहिली सवय हीच लावा: शेवटचा शब्द बघ. आठवडाभर फक्त शेवटच्या शब्दाखाली रेघ मारायला लावा. 'आहे' आणि 'नाही' शेवटी आले की एक शब्द मागेही बघायचं, एवढी पुस्ती जोडा.

4. सुरुवात जा, ये, बस, ऊठ, पळ, पड यांनीच

खाणे, लिहिणे, कापणे ही क्रियापदं आत्ता बाजूला ठेवा. आधी अशी घ्या की ज्यात करणारा एकटाच आहे, दुसरी वस्तू नाही. अंगणात न्या. एकाला पळायला सांगा. पळताना विचारा, काय करतो? थांबला की, काय केलं? पुन्हा ओळीत उभा राहिला की, आता काय करील? उत्तरं फळ्यावर लिहा आणि शेवट रंगवा: पळतो, पळाला, पळेल. 'त' लाल, 'ल' निळा, शेवटचा 'ईल-एल' हिरवा.

ही युक्ती माझी नाही. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी क्रियापदांच्या रूपांना नावंच अशी ठेवली होती: ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात. ती नावं पोरांना सांगायची गरज नाही, पण रंगांचा पाया तिथे आहे.

रंगांना अपवाद आहेत. 'बोल', 'चाल', 'उचल' यांच्या मुळातच 'ल' आहे, त्यामुळे 'बोलतो' बघून काही पोरं निळा खडू उचलतात. आणि 'तुम्ही जाल' यातला 'ल' भविष्याचा आहे. म्हणून बोल, चाल, उचल ही क्रियापदं पहिल्या यादीत नकोत.

काही रूपं मात्र सरळ पाठच करावी लागतात, कारण त्यांत मूळ शब्द बदलतो. जातो–गेला, येतो–आला, होतो–झाला, करतो–केला, मरतो–मेला. आणि 'आहे'चं तर काहीच जुळत नाही: आहे, होता, असेल. ही यादी वर्गात टांगून ठेवा, तेवढी घोकून घेतली तरी हरकत नाही. बाकी काळांचे तक्ते पाठ करून घेण्याला माझा विरोध आहे. तक्ता म्हणणारं पोरगं आणि वाक्य लिहिणारं पोरगं ही दोन वेगळी पोरं असतात.

5. घरचं आणि पुस्तकातलं, शेजारी शेजारी

आता टाचण वहीतली यादी बाहेर काढा. फळ्याचे दोन भाग करा: 'घरी म्हणतो' आणि 'पुस्तकात लिहितो'. डावीकडे पोरांचीच वाक्यं लिहा, उजवीकडचा रकाना त्यांच्याकडून भरून घ्या. डावीकडचं खोडायचं नाही. दोन्ही बरोबर आहेत, जागा वेगळ्या आहेत, एवढंच सांगा.

'करून राहिलो' हे चालू क्रिया दाखवणारं पक्कं रूप आहे. ते ज्याला येतं, त्याला अपूर्ण वर्तमानकाळ येतो. त्याला फक्त 'करत आहे' हा पुस्तकी पोशाख द्यायचा. 'गेल्ता' असेल तर 'गेला होता' असं सोडवून लिहायचं. मग पूर्ण भूतकाळ वेगळा शिकवावा लागत नाही.

घोटाळा करणारं रूप एकच: 'तो येईन'. पुस्तकात 'येईन' फक्त 'मी'बरोबर येतं, आणि बोलीत 'तो'बरोबरही. मुलगा 'पाऊस येईन' लिहील. लाल शाई मारण्याआधी हे लक्षात घ्या की त्याचा काळ बरोबर आहे, पुरुष (मी-तू-तो यांतला) चुकला आहे. गुण द्यायचे असतील तर काळाचे द्या.

तसंच 'केलं, धुतलं, खाल्लं' हे बोलायचं आणि 'केले, धुतले, खाल्ले' हे लिहायचं. अनुस्वार आणि मात्रा यांची ही अदलाबदल एकदा नीट दाखवली की वर्षभराची कटकट वाचते.

6. 'ने'चा चढ

घाई करायची नाही ती जागा ही. अख्ख्या विषयाला जितका वेळ ठेवलात त्यातला निम्मा इथे द्या.

मुलाने 'रमेश आंबा खाल्ला' का लिहिलं? कारण आपणच त्याला 'फक्त क्रियापद बदल' असं सांगितलं. त्याने ऐकलं. पण मराठीत भूतकाळ करताना कधी कधी करणाऱ्यालाही 'ने' लागतो, आणि क्रियापद करणाऱ्याला सोडून वस्तूच्या मागे जातं. हे सूत्र सांगून कळत नाही. असं करून बघा:

*पहिल्यांदा, एक खाणारी आणि तीन फळं.*
सीमाने आंबा खाल्ला.
सीमाने चिंच खाल्ली.
सीमाने बोर खाल्ले.

*मग एक फळ आणि खाणारे तीन.*
रमेशने चिंच खाल्ली.
सीमाने चिंच खाल्ली.
पोरांनी चिंच खाल्ली.

दोन्ही गट शेजारी लिहून फक्त विचारा, क्रियापद कोणाचं ऐकतं? पहिल्या गटात बदललं, दुसऱ्यात नाही. वर्गातल्या चारदोन पोरांना लगेच दिसतं आणि तीच बाकीच्यांना सांगतात: चिंचेचं ऐकतं! मग वर्तमानकाळ लिहा: 'रमेश चिंच खातो, सीमा आंबा खाते.' इथे मात्र खाणाऱ्याचं ऐकतं. शेवटी अनेकवचन घ्या: आंबे खाल्ले, चिंचा खाल्ल्या, बोरे खाल्ली. पोळ्यानंतरचं 'बैल धुतला, शिंगे रंगवली' हे कोडं इथे सुटतं.

'ने' कधी लावायचा? मुलांना एक प्रश्न द्या: क्रियापदाला 'काय?' विचार. काय खाल्लं, काय कापलं, काय पेरलं: उत्तर येतं, 'ने' लाव. काय बसला, काय पळाला: उत्तर येत नाही, लावू नको. ही कसोटी बहुतेक ठिकाणी चालते. जिथे चालत नाही ती क्रियापदं आधीच बाजूला काढून ठेवा: शिकणे, विसरणे, बोलणे, पिणे. 'ती धडा शिकली', 'तो डबा विसरला', 'रमेश पाणी प्यायला'. आणि 'जेवणे', 'खाणे' यांची जोडी मुद्दाम दाखवा: रमेश जेवला, पण रमेशने भाकरी खाल्ली.

मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागत नाही. इथे आपल्या पोरांना एक फायदा आहे, जो पुण्याच्या पोरांना नाही. जुन्या वळणाची वऱ्हाडी बोलणारं पोरगं 'मी गेलो' म्हणतं, पण 'म्या भाकर खाल्ली' म्हणतं. जिथे रमेशला 'ने' लागतो तिथेच त्याच्या तोंडात 'म्या' येतो. प्रमाण मराठीत दोन्हीकडे 'मी'च असल्यामुळे हा फरक दिसत नाही. बोलीत तो ऐकूच येतो. तेव्हा शंका आली की मुलाला विचारा, 'घरी मी म्हणशील का म्या?' म्या म्हटलं, तर रमेशला 'ने' लाव. ज्या शाळेत 'म्या' अशुद्ध म्हणून बंद केलेला असतो, तिथे ही चावी हातची गेलेली असते.

शेवटची खाच: वस्तूला 'ला' लागला की क्रियापद कोणाचंच ऐकत नाही. 'रमेशने बैल धुतला', पण 'रमेशने बैलाला धुतले'. 'गाय बांधली', पण 'गाईला बांधले'. हे पाचवीसाठी. चौथीत कोणी विचारलं तर उत्तर द्या, आपण होऊन काढू नका.

7. भविष्यकाळ

याला फार वेळ लागत नाही. जाईन, जाऊ, जाशील, जाल, जाईल, जातील ही रूपं पेरणीच्या, जत्रेच्या, मामाच्या गावाच्या बेतांतून एका आठवड्यात बसतात. 'बाबा उद्या येणार' हेही भविष्यच, हे सांगायला विसरू नका, कारण बोलण्यात तेच जास्त येतं. आणि नकार करताना 'जाईल नाही' होत नाही, 'जाणार नाही' होतं. 'काळ बदला' आणि 'नकारार्थी करा' हे स्वाध्याय एकाच दिवशी दिलेत तर ही चूक वर्गभर पसरते; वेगळ्या दिवशी द्या.

8. नावं सगळ्यात शेवटी

वर्तमानकाळ, भूतकाळ, भविष्यकाळ ही नावं दिवाळीनंतर द्या. तोवर काल-आज-उद्या आणि तीन खडू पुरतात. साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती हे पोटप्रकार शिष्यवृत्तीच्या तयारीला बसणाऱ्यांनाच, तेही दोन रकान्यांतून आलेल्या वाक्यांना नाव देण्यापुरते.

रीतिभूतकाळासाठी गृहपाठ द्या: आजीला विचारा, तू लहान असताना रोज काय करायचीस? पोरं 'नदीवर जाये, गोवऱ्या थापे, कापूस वेचे' अशी वाक्यं घेऊन येतात. त्यांची 'जात असे, थापत असे' करायला दहा मिनिटं लागतात. एवढा स्वस्त पाठ दुसरा नाही.

9. घरी मराठी नसलेली मुलं

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, यवतमाळात कोलामी, तांड्यांवर बंजारा बोली. या मुलांना वरचं 'तोंडात आधीच आहे' लागू होत नाही, हे मान्य करून चला. त्यांची अडचण बहुतेकदा काळाची नसते, लिंगाची असते. आंबा, चिंच, बोर ही तिहेरी वाटणी कोरकू किंवा गोंडीत नाही. कोरकूत सजीव-निर्जीव असा भेद आहे. त्यामुळे पायरी 6 आधी महिनाभर 'तो आंबा, ती चिंच, ते बोर' एवढाच खेळ घ्या. काल-आज-उद्याच्या पट्ट्यांवर त्यांच्या भाषेतले शब्दही देवनागरीत लिहून घ्या. ते शब्द मुलांनी तुम्हाला शिकवायचे, आणि तुम्ही चुकलात की त्यांनी हसायचं.

10. तपासताना आणि खाडे भरून काढताना

एकेका वाक्याचा काळ ओळखायला लावणारी चाचणी फारसं काही सांगत नाही, पोरं 'काल' दिसला की भूतकाळ लिहून मोकळी होतात. त्याऐवजी पाच वाक्यांचा परिच्छेद द्या, त्यात काल-आज-उद्या हे शब्दच ठेवू नका, आणि तो दुसऱ्या काळात लिहायला सांगा. तपासताना तीन वेगळ्या खुणा करा: काळ चुकला, 'ने' चुकला, लिंग-वचन चुकलं. तिन्हीवर एकच फुली मारलीत तर उद्या काय शिकवायचं हे तुम्हालाच कळणार नाही.

बहुवर्ग असेल, म्हणजे एकाच खोलीत अनेक इयत्ता असतील, तर पायरी 2 आणि 4 सगळ्यांना एकत्र घ्या. पायरी 6 च्या वेळी पहिली-दुसरीला पट्ट्यांवर चित्रं काढायला बसवा.

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की पटावरची काही पोरं दिसेनाशी होतात. पुढे तुरीच्या वेळी, हरभऱ्याच्या वेळी पुन्हा. परत आलेल्या मुलाला वर्ग जिथे आहे तिथे बसवू नका आणि पायरी 1 पासूनही नेऊ नका. वेचणीचाच हिशेब त्याच्याकडून लिहून घ्या: काल किती किलो वेचला, आज कोण गेलंय, उद्या कोणाच्या वावरात जाणार. 'आईने वीस किलो कापूस वेचला' हे वाक्य त्याने 'ने'सकट लिहिलं, तर त्याला थेट पायरी 7 वर घ्या. 'आई कापूस वेचली' लिहिलं, तर पायरी 6 चे दोन गट त्याच्याबरोबर पुन्हा मांडा, या वेळी आंबा-चिंचेऐवजी कापूस, तूर आणि सोयाबीन घेऊन.